साक्षीदार नसलेले व्रत

दिवाळीचा दिवा दाराबाहेर लावायचा असतो. कपाटाच्या आड लावलेल्या दिव्याला कोणी दिवाळी म्हणणार नाही. आकाशकंदील उंच टांगावा, रांगोळी उंबरठ्यापुढे काढावी, फराळाचे ताट शेजारी धाडावे, ही या सणाची रीतच आहे, आणि ती चांगली रीत आहे. आनंद दाखवल्याने वाढतो. परंतु माणसाच्या धर्मजीवनात दाखवण्याजोगे जसे पुष्कळ असते, तसे दाखवताच न येण्याजोगेही काही असते. अशा एका व्रताविषयी या सणाच्या दिवसांत चार शब्द लिहावे असे मनात आले. हे व्रत म्हणजे मुसलमानांचा रमजानचा रोजा.

विषय अगदीच अवेळी आहे असे नाही. २००५ आणि २००६ या दोन्ही साली दिवाळी आणि ईद चार-पाच दिवसांच्या अंतराने आल्या होत्या. म्हणजे ज्या दिवसांत एका घरात करंज्या आणि चकल्या तळल्या जात होत्या, त्याच दिवसांत शेजारच्या घरात पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत पाण्याचा थेंबही कोणी घेत नव्हते. पुढे रमजान मागे सरकत सरकत पावसाळ्यात गेला, मग मे महिन्याच्या उन्हात आणि मग थंडीकडे. कारण हिजरी वर्ष शुद्ध चांद्र, सुमारे ३५४ दिवसांचे. आपले महिनेही चांद्रच. पण आपण साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी एक अधिक मास घालून सणांना त्यांच्या ऋतूत परत आणून बसवतो. इस्लामने अधिक मासाची ती सोय बंद केली. त्यामुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो आणि सुमारे तेहतीस वर्षांत सर्व ऋतूंची प्रदक्षिणा पुरी करतो. मुंबईकडच्या माणसाचा रोजा थंडीत बारा-साडेबारा तासांचा, तर जूनमध्ये साडेचौदा तासांचा होतो. साठ-पासष्ट वर्षे रोजे धरणारा मनुष्य प्रत्येक ऋतूतून दोनदा जातो. सोयीचा ऋतू निवडण्याची मुभा कोणालाच नाही.

हे व्रत हिजरी सनाच्या दुसऱ्या वर्षी, म्हणजे इ. स. ६२४ मध्ये, मदिनेत अनिवार्य झाले. पहाटेचा पांढरा धागा रात्रीच्या काळ्या धाग्यापासून वेगळा दिसू लागेपर्यंत खावेप्यावे आणि मग सूर्यास्तापर्यंत सर्व बंद, असा त्याचा साधा नियम. या धाग्यांची एक गोड गोष्ट आहे. ज्या हातिमताईच्या कथा आपल्याकडे मुलांनी पिढ्यान् पिढ्या वाचल्या, त्या हातिमचा मुलगा अदी याने ही आज्ञा ऐकून खरोखरच एक काळी आणि एक पांढरी दोरी उशाखाली ठेवली आणि रात्रभर उठून उठून तो त्या पाहत राहिला. अंधारात दोन्ही सारख्याच दिसणार! सकाळी त्याने ही हकीकत सांगितली तेव्हा पैगंबरांनी त्याला समजावून दिले की हे धागे म्हणजे रात्रीचा काळोख आणि दिवसाचा उजेड. अदीच्या भोळेपणाला आपण हसतो, पण त्याच्या प्रामाणिकपणाकडे आपले लक्ष जात नाही. त्या रात्री त्याच्या उशापाशी पाहणारे कोणी नव्हते. तरी तो जागत होता.

या विषयातला माझ्या मते मुख्य मुद्दा हाच आहे. नमाज दिसतो. हजला निघालेला यात्रेकरू दिसतो. जकात निदान घेणाऱ्याला तरी ठाऊक असते. रोजा मात्र दिसत नाही, कारण तो काही करण्याचा नसून न करण्याचा आहे. दाराला कडी लावून कोणी पेलाभर पाणी प्याला, ओठ पुसले आणि बाहेर येऊन बसला, तर त्याच्या रोजात आणि खऱ्या रोजात जगातला कोणताही डोळा फरक करू शकणार नाही. दारही लावायला नको. नमाजापूर्वी वुजू करताना रोजेदार तोंडात पाणी घेऊन चूळ भरतो. भर उन्हाळ्यात, घशाला कोरड पडलेली असताना, गार पाणी जिभेवर येते आणि परत बाहेर टाकले जाते. त्यातला एक घोट आत गेला तर शेजारी वुजू करणाऱ्यालाही कळणार नाही. तो जात नाही, एवढेच. सर्व कर्मांत रोजा तेवढा केवळ आपल्यासाठी आहे आणि त्याचे फळही आपणच देऊ असे ईश्वर म्हणतो, अशा अर्थाची जी परंपरा मुसलमान श्रद्धेने सांगतात, तिचे मर्म त्या न गिळलेल्या घोटात आहे.

मग उपाशी राहण्याचा हेतू काय? पुष्कळदा असे सांगतात की गरिबाची भूक श्रीमंताला कळावी म्हणून रोजा आहे. हे उत्तर कानाला बरे वाटते, पण पुरे पडत नाही. एक तर रोजा गरिबालाही आहेच. त्याला भुकेची ओळख नव्याने कशाला करून द्यायची? आणि दुसरे असे की, रोजेदाराच्या भुकेला घड्याळ असते. अमुक वाजता बांग होईल, खजूर हातात येईल, हे त्याला पक्के ठाऊक असते. गरिबाच्या भुकेत पोटाच्या आगीपेक्षाही जाळणारी गोष्ट असते ती हीच, की तिचा सूर्यास्त केव्हा होणार ते कोणी सांगत नाही. रोजाने ती भूक कळते असे म्हणणे गरिबीला फार स्वस्त करणे होईल. कुराणात रोजाचा हेतू दुसराच सांगितला आहे. त्याला शब्द आहे ‘तकवा’. त्याचा अर्थ सामान्यतः ईश्वराचे भय असा करतात. पण त्याच्या मुळाशी स्वतःला जपणे, सांभाळणे ही कल्पना आहे. निसरड्या बांधावरून चालणारा मनुष्य प्रत्येक पाऊल पाहून टाकतो, तशी मनाची जागृती म्हणजे तकवा. ती जागृती यावी म्हणून भूक.

भूक हे असे साधन ठरले की लगेच एक अडचण उभी राहते. साधन हातात राहते आणि साध्य निसटते. आपल्याकडे ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण उगाच झाली नाही. साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ, रताळ्याचा कीस, दाण्याची आमटी एवढे सारे पोटात गेल्यावर त्या दिवसाला उपवास म्हणणाऱ्यांना दुसऱ्याच्या इफ्तारीवर हसण्याचा अधिकार नाही. आणि गंमत अशी की, इस्लामच्या थोर आचार्यांपैकी एकाने हीच तक्रार नऊशे वर्षांपूर्वी लिहून ठेवली आहे. अबू हामिद अल्-गझाली (१०५८–११११) यांनी धर्मविद्यांच्या पुनरुज्जीवनावरील आपल्या मोठ्या ग्रंथात रोजावर एक स्वतंत्र प्रकरण लिहिले. दिवसभर राखून ठेवलेले सारे संध्याकाळी एकदम खाल्ले, एवढेच नव्हे तर इतर महिन्यांत न होणारे पदार्थ रमजानसाठी जमवून ठेवले, तर त्या उपवासाने वासना क्षीण होणार की बळावणार, असा त्यांचा रोखठोक प्रश्न आहे.

गझालींनी रोजाच्या तीन पायऱ्या सांगितल्या. पहिली पोटाची आणि कामवासनेची; ती सर्वसामान्यांची. दुसरी डोळे, कान, जीभ, हात, पाय यांची. म्हणजे वाईट न पाहणे, चहाडी न ऐकणे, खोटे न बोलणे. तिसरी मनाची, ईश्वरावाचून दुसरा विचारच मनात न येऊ देणे. ही तिसरी पायरी फार थोड्यांची, हे त्यांनाही मान्य आहे. आपल्यासारख्यांना दुसरीवर उभे राहता आले तरी पुष्कळ झाले. खोटे बोलणाऱ्याच्या उपासाचे ईश्वराला काही कौतुक नाही, अशा अर्थाचे पैगंबरांचे सांगणे परंपरेने जपले आहे. रोजेदाराशी कोणी भांडण काढलेच तर आपल्याला रोजा आहे असे म्हणून त्याने बाजूला व्हावे, असेही ते शिकवीत. आपला रोजा बोलून दाखवायचा तो अशा प्रसंगी, भांडण टाळण्यासाठी. मोठेपणासाठी नव्हे.

हे लिहिणाऱ्या माणसाने ते केवळ कागदावर लिहिले नाही. बगदादच्या निजामिया विद्यापीठातले मानाचे अध्यापकपद, शेकडो शिष्य, दरबारी प्रतिष्ठा हे सारे गझालींजवळ होते. पण आपण शिकवतो ते ईश्वरासाठी की नावासाठी, ही शंका त्यांना पोखरू लागली, आणि १०९५ साली ते पद सोडून निघून गेले. लोकांना दिसणारा धर्म आणि आतला धर्म यांतले अंतर ज्याला झोपू देत नाही, अशाच माणसाला रोजाचे गुपित उलगडावे यात नवल नाही.

आता आणखी एक पाऊल पुढे जाऊ. सोसण्याला स्वतःची अशी काही किंमत आहे काय? पुष्कळ धार्मिक माणसे तशी समजूत करून घेतात. जेवढे अधिक सोसावे तेवढे पुण्य अधिक! पण रोजाचे नियम पाहावेत तर ते या समजुतीला थारा देत नाहीत. आजाऱ्याला सूट आहे, प्रवाशाला सूट आहे, गर्भवतीला आणि अंगावर पाजणाऱ्या आईला धोका वाटल्यास सूट आहे. जो म्हातारपणाने किंवा बऱ्या न होणाऱ्या दुखण्याने रोजे धरूच शकत नाही, त्याने रोजामागे एका गरिबाला जेवू घालावे. विसरून खाल्ले तर रोजा मोडत नाही. आठवण झाली की थांबावे, इतकेच. पहाटेची सहरी टाळू नये आणि सूर्य मावळल्यावर पारणे लांबवू नये, असेही सांगितले आहे. जिथे भूक हीच देवता असती तिथे अशी दयाळू कलमे आली नसती.

याविषयी दोन आख्यायिका मोठ्या बोलक्या आहेत. एकदा पैगंबरांबरोबर काही मंडळी उन्हाळ्यात प्रवासात होती. काहींनी रोजा धरला होता, काहींनी प्रवासाची सूट घेतली होती. मुक्कामाला पोचताच रोजेदार थकून जमिनीवर कोसळले. रोजा नसलेल्यांनी उठून तंबू ठोकले, जनावरांना पाणी पाजले. तेव्हा पैगंबरांनी निवाडा दिला की आजचे पुण्य या न धरणाऱ्यांनी नेले. दुसरी गोष्ट रोजा मोडलेल्या एका माणसाची. त्याला प्रायश्चित्त सांगितले गेले, पहिले गुलाम मुक्त करण्याचे. त्याची ऐपत नव्हती. मग लागोपाठ दोन महिने रोजे. ते होण्यासारखे नव्हते. मग साठ गरिबांना जेवण. तेही जमणारे नव्हते. एवढ्यात कोणी खजुराची टोपली आणली. पैगंबरांनी ती त्याच्या हाती दिली आणि गरिबांना वाटायला सांगितले. तो म्हणाला की मदिनेत या टोकापासून त्या टोकापर्यंत आमच्या घराहून गरीब घर नाही. पैगंबर मोठ्याने हसले आणि ते खजूर घरच्यांनाच खाऊ घालायला त्यांनी त्याला सांगितले. प्रायश्चित्ताला आलेला मनुष्य बायकामुलांसाठी खाऊ घेऊन परतला! नियमाचा कठोरपणा आणि माणसाची कणव या दोहोंना एका टोपलीत बसवणारी याहून सुंदर गोष्ट मला तरी आठवत नाही.

पहिल्या गोष्टीतल्या तंबू ठोकणाऱ्यांची आठवण घराघरांत ठेवली पाहिजे. रमजानमध्ये पहाटे सर्वांच्या आधी कोण उठते? घरातली बाई. सहरीचे अन्न तिने शिजवायचे, दिवसभर रोजा तिनेही धरायचा, आणि दुपार कलली की तापलेल्या चुलीपुढे बसून इफ्तारीची तयारीही तिनेच करायची. पदार्थाचे मीठ पाहण्यासाठी गरज पडल्यास जिभेवर चव घेऊन थुंकून टाकायला शास्त्रींनी परवानगी दिली आहे. म्हणजे ही अडचण त्यांच्याही ध्यानात आली होती. पण परवानगी देणे वेगळे आणि उठून हात लावणे वेगळे. पुरुषमंडळी रात्री मशिदीत तरावीहच्या नमाजात महिनाभरात अख्खे कुराण ऐकतात. तीस भागांचा तो ग्रंथ मुखोद्गत असलेला हाफिज ते ऐकवतो. त्या वेळी घरी भांडी घासणाऱ्या हातांच्या वाट्याला कोणते पुण्य येते, याचा हिशोब त्या प्रवासातल्या निवाड्याने करायचा झाला तर आकडे फार वेगळे येतील. हे आपल्या एकादशीला आणि नवरात्रालाही तितकेच लागू आहे, हे सांगायला नकोच.

गुप्ततेचा धागा या महिन्यात शेवटपर्यंत जातो. ज्या रात्री कुराणाचे अवतरण सुरू झाले ती ‘लैलतुल्-कद्र’ हजार महिन्यांहून श्रेष्ठ मानली जाते. पुष्कळ लोक सत्ताविसावी रात्र धरून चालतात. पण परंपरा एवढेच सांगते की ती शेवटच्या दहा रात्रींत, विशेषतः विषम रात्रींत शोधावी. म्हणून काही जण शेवटचे दहा दिवस मशिदीतच एकांतात राहतात. त्याला एतेकाफ म्हणतात. मोलाची गोष्ट नेमकी कुठे आहे ते न सांगता ठेवली, की माणूस एका रात्रीपुरता धार्मिक होऊन मोकळा होत नाही.

आणि तरीही रमजान हा उघड्यावरचा महिना आहे. हजारो माणसे एकाच वेळी खजूर तोंडात घालतात. मशिदीत रांगा लागतात, बाजार रात्रभर जागतो. एकट्याला जे जड जाते ते संगतीने हलके होते, यात शंका नाही. पण संगतीच्या पाठोपाठ पाळत येते. ‘आज रोजा नाही वाटते?’ हा प्रश्न किती सहज विचारला जातो! विचारणाऱ्याला ठाऊक नसते की समोरच्याला मधुमेह असेल. समोरची स्त्री मासिक पाळीत असेल, आणि त्या दिवसांत रोजा धरायचाच नसतो. किंवा कोणाची श्रद्धाच डळमळली असेल आणि तो आतल्या आत तिच्याशी झगडत असेल. जे व्रत ईश्वराने स्वतःकडे राखून ठेवले असे आपण म्हणतो, त्याची हजेरी मांडायला शेजाऱ्याने बसावे काय?

राज्यकर्त्यांनाही हा मोह आवरलेला नाही, आणि तो दोन्ही दिशांनी झालेला आहे. मोरोक्कोत १९६२ सालच्या दंडसंहितेत असे कलम घातले गेले की, मुसलमान म्हणून ओळखल्या जाणाऱ्याने रमजानमध्ये दिवसा, मान्य कारणावाचून, चारचौघांत रोजा मोडला तर एक ते सहा महिने कैद. त्याच्या दोनच वर्षे आधी, १९६० मध्ये, ट्युनिशियाचे अध्यक्ष हबीब बुर्गिबा यांनी उलटा उपदेश केला. दारिद्र्याशी चाललेली लढाई हे धर्मयुद्धच आहे, लढणाऱ्याला रोजाची सूट असते, तेव्हा कामाच्या आड रोजा येऊ देऊ नका, असे त्यांचे म्हणणे. बहुसंख्य जनतेने ते मानले नाही. एक जण तुरुंगाच्या भीतीने रोजा धरायला लावतो, दुसरा देशाच्या नावाने सोडायला सांगतो. मला दोघांची चूक एकच वाटते. तुरुंगाच्या भीतीने पाणी न पिणारा मनुष्य तहानलेला असतो, रोजेदार नसतो. कारण त्याच्या तहानेला साक्षीदार आहे. आणि सरकारने सांगितले म्हणून जेवणाऱ्याच्या हातून त्याच्या आयुष्यातला एक निर्णय काढून घेतला गेलेला असतो. रोजाला नियत लागते, आणि नियत मनात होते. तिथे फौजदार पोचत नाही.

मग समाजाचा या व्रताशी काही संबंधच नाही काय? आहे, आणि तो अतिशय व्यवहारी आहे. दुसऱ्याच्या ताटात डोकावण्याचा अधिकार नाही. पण आपल्या ताटातले काढून देण्याची जबाबदारी आहे. साडेबावन्न तोळे चांदी किंवा साडेसात तोळे सोने यांच्या मोलाइतकी मालमत्ता वर्षभर राहिली तर तिचा चाळिसावा भाग जकात म्हणून द्यायचा. पुष्कळ लोक तो रमजानमध्येच देतात. त्याखेरीज ईदच्या नमाजाला जाण्यापूर्वी घरातल्या प्रत्येक माणसामागे, तान्ह्या मुलामागेसुद्धा, फित्रा काढायचा. त्याचे जुने माप ‘सा’, म्हणजे चार ओंजळी धान्य किंवा खजूर. देणे नमाजाच्या आधी, कारण ईदच्या दिवशी कोणावर हात पसरण्याची पाळी येऊ नये. गरिबाची भूक कळण्याची गोष्ट मघाशी आपण बाजूला ठेवली होती. ती कळली की नाही हे सिद्ध करायची गरजच नाही. चार ओंजळी त्याच्या घरी वेळेवर पोचल्या म्हणजे झाले.

ईदच्या दिवशी रोजा धरायला मनाई आहे. त्या दिवशी नमाजाला निघण्यापूर्वी दोन खजूर अधिक खावेत पण उपाशी जाऊ नये, अशी रीत आहे. मग घरी शीरखुर्मा वाट पाहत असतोच. महिनाभर ज्याला खाऊ नको म्हटले त्यालाच त्या दिवशी खा म्हणतात, आणि दोन्ही आज्ञा सारख्याच पाळायच्या. भूक संपते. तिने काय मागे ठेवले ते मात्र पुढच्या अकरा महिन्यांत कळते. ज्याने बंद खोलीत, कोणी पाहत नसताना, तोंडाशी आलेले पाणी परत ठेवले, त्याला बंद खोलीत दुसरेही पुष्कळ काही परत ठेवता आले पाहिजे: टेबलाखालून सरकवलेले पाकीट, वजनात मारलेले छटाकभर, कोणाच्या पाठीमागे जिभेवर आलेला शब्द. पाणी तर त्याचेच होते, हलाल होते, आणि तरी त्याने ते ठेवले. मग जे आपले नाहीच ते ठेवायला अवघड का जावे? हा प्रश्न रमजान मुसलमानाला विचारतो. उपवासाचे कोणतेही व्रत करणाऱ्या प्रत्येकाने, आणि कोणतेच व्रत न करणाऱ्यानेही, तो स्वतःला एकांतात विचारून पाहावा. उत्तर कोणाला सांगायचे नाही, त्यामुळे ते खरे देता येईल.